सेवा आणि मान : भाचीस पत्र

भूम, जि. धाराशिव

चि. भाचीस,



तुझे पत्र परवा पोचले. मंडळीने भर उपासनेत तुला पुढे बोलावून शाल-श्रीफळ दिले, पाळकसाहेबांनी तुझ्या खेड्यापाड्यांतील शुश्रूषेचा गौरव केला, त्या वेळी मनाला जे सुख झाले त्याचेच रात्री भय वाटू लागले, असे तू निर्मळपणे लिहिलेस, याचे मला समाधान वाटले. कारण ज्याला हे भय शिवतच नाही त्याला याविषयी पत्र लिहून उपयोग नसतो. सेवा करताना अभिमानापासून दूर कसे राहावे, हा तुझा प्रश्न मात्र दोन ओळींत संपणारा नाही.

मान मिळाला म्हणून आनंद वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्याला पाप समजून तू स्वतःला छळू नयेस. प्रभूच्या दाखल्यातला, मंदिरात उभा राहून आपल्या उपवासांची व दशमांशांची फेरिस्त देवाला ऐकवणारा परूशी चटकन ओळखू येतो. मला धास्ती वाटते ती त्याच दाखल्यातल्या, क्षमा मागणाऱ्या जकातदाराचे शब्द पाठ करून परूशाचे मन जपणाऱ्याची. ‘सारे प्रभूने केले, मी निमित्तमात्र’ असे तो हात जोडून म्हणतो, परंतु या लोकांचे आपल्यावाचून अडते, ही जाणीव त्याला अंतर्यामी फार गोड वाटते. हा गर्व विनयाने झाकला जातो, आणि ज्याची सेवा करावयाची तो कायमचा याचक राहावा, अशी एक गुप्त इच्छा त्याच्या पोटी वाढत असते.

2013 च्या दुष्काळात आपल्या तालुक्यात पाहिलेली एक गोष्ट सांगतो. परगावची एक ख्रिस्ती संस्था धान्य वाटावयास आली होती. उद्देश चांगला होता, धान्यही चांगले होते. वेळ सकाळची ठरवली होती. पण ज्यांच्या हस्ते वाटप व्हावयाचे ते पाहुणे दुपारी आले, मग प्रार्थना, स्वागत, भाषणे. आपला तालुका खव्याचा. पहाटे धार काढून दूध वेळेवर भट्टीवर गेले नाही तर नासते. त्या दिवशी यादीत नाव असलेल्या कित्येक बाया दुधाच्या किटल्या पायाशी ठेवून उन्हात ताटकळत उभ्या होत्या. एकीने किटलीचे झाकण उघडून वास घेतला, पुन्हा झाकण लावले, आणि फोटोसाठी पोत्याला हात लावून उभी राहिली. तिला कोणती वेळ सोयीची पडेल, हे तिला अगोदर कोणीही विचारले नव्हते. त्या मंडळींच्या मनात अहंकार होता असे मी म्हणत नाही. परंतु घेणाऱ्याला विचारावे लागते हेच ज्या सेवेला सुचत नाही, तिच्यात अहंकार रीतसर नेमणूक झाल्यासारखा नांदतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भूमहून खर्ड्यावरून जामखेडला जाताना, 1795 साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ती भूमी लागते, आणि त्या विजयाचा अभिमान लोक अजून सांगतात. पण त्याच वाटेवर पुढे 1970 साली सुरू झालेल्या एका कामाची महती आपल्या मंडळींतही सर्वांना ठाऊक नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना, रोगी बरे होऊन गावी जातात आणि तेच टाळता येण्याजोगे आजार घेऊन परत येतात, हे त्यांनी पाहिले, आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त मुलखात येऊन राहिले. येथे गावकऱ्यांनी प्रथम मागितले ते पाणी आणि अन्न. औषधांची पेटी घेऊन आलेल्या विद्वानांना हे ऐकून घेणे सोपे नव्हते, पण त्यांनी ऐकले. कूपनलिका खोदण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत खोदाव्या अशी तजवीज त्यांनी केली, म्हणजे पाण्यासाठी इतरांना तेथे जावेच लागेल.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. गावोगाव नेमलेल्या शिकलेल्या परिचारिका तेथे रुळेनात, तेव्हा गावातल्याच बाईला का शिकवीत नाही, ही सूचना गावच्या पुढाऱ्यांकडून आली. डॉक्टरांच्या डोक्यातून नव्हे. मग गावाने निवडलेल्या बाया, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि कित्येक दलित, आठवड्याला जामखेडला येऊ लागल्या, एकत्र जेवू लागल्या, आणि बाळंतपण सुखरूप कसे करावे, मुलाचे वजन कसे पाहावे, हगवणीत साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, हे शिकून गावात शिकवू लागल्या. 1971 साली त्या गावांत हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1990 च्या दशकात ती संख्या तिशीच्या आत आली. या दांपत्याला 1979 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रजनीकांतांना 1990 साली पद्मभूषण. मेबलबाई 1999 मध्ये वारल्या, रजनीकांत 2011 मध्ये; काम आजही चालू आहे. वैद्याने आपली विद्या अक्षरशत्रू बाईच्या हाती विश्वासाने सोपवणे, आणि तिच्या गावात आपल्यापेक्षा तिचा शब्द चालावा असे इच्छिणे, याला मी नम्रता म्हणतो. मान खाली घालून बोलणे त्यापुढे काहीच नाही.

पंडिता रमाबाईंचेही असेच. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितसभेने ज्या विदुषीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिने आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे असे मराठी भाषांतर करण्यात घालवली की ते अशिक्षित बाईलाही समजावे. संस्कृताचे सारे वैभव तिने जाणूनबुजून बाजूला ठेवले. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले, आणि ग्रंथ 1924 साली बाहेर पडला तेव्हा तो पाहावयास रमाबाई उरल्या नव्हत्या.

तेव्हा बाळ, मनातला अभिमान रोज उकरून पाहत बसू नकोस. त्यातही मन स्वतःभोवतीच फिरत राहते. त्याऐवजी तुझ्या कामाची वहिवाट बदल. दवाखान्याची वेळ ठरवताना बायांना विचार. तुला येते ते दुसरीला शिकव, आणि तिने ते तुझ्याहून बरे केले तर सर्वांसमक्ष सांग. दप्तरात तुझ्या नावाआधी त्यांची नावे येऊ देत. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते शेवटच्या भोजनाच्या रात्री, स्वतः जाण्याच्या तयारीत; ते काम त्यांनी एकमेकांसाठी पुढे करावे म्हणून. तुझी बदली झाल्यावर तेथील काम अडले नाही, तर तू आपली चाकरी इमानाने केलीस असे मी समजेन.

रजा मिळाली की जामखेडला जाऊन ये. मी बरोबर येईन. आणि पुढच्या पत्रात तिथल्या बायांकडून तू काय शिकलीस, ते सविस्तर लिही. आईला माझा सलाम सांग.

तुझा,
मामा