तिसरं पेडल

जुनी पोर्श ९११ घ्यायची म्हटलं की लोक आधी सन विचारतात, मग किलोमीटर, मग गंज. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे कुणी विचारतच नाही. स्पोर्ट्स कार म्हणजे मॅन्युअल, असं धरूनच चालायचं. पोर्शला स्वतःला मात्र हे कधी पटलेलं दिसत नाही. १९६८ च्या मॉडेलपासून त्यांनी ९११ ला क्लचचं पेडल नसलेला ‘स्पोर्टोमॅटिक’ गिअरबॉक्स देऊ केला, आणि १९६७ मध्येच न्यूर्बर्गरिंगवरची ८४ तासांची शर्यत तोच गिअरबॉक्स लावलेल्या ९११ आर ने जिंकली. चालवणारे हान्स हेरमान, विक एलफर्ड आणि योखेन नेर्पाश. आळशांची गाडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही तीन नावं एकदा वाचावीत.

*

स्पोर्टोमॅटिकमध्ये क्लच आहे, फक्त पेडल नाही. गिअरच्या दांड्यात एक स्विच असतो. दांड्यावर जोर आला की स्विच लागतो आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो क्लच सोडवतो. गिअर टाकून हात काढला की क्लच परत बसतो. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर असल्यामुळे सिग्नलला गिअरमध्ये थांबलं तरी इंजिन बंद पडत नाही. आता आपल्यातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवताना एक हात गिअरवर टाकून बसायची सवय. या गाडीत ती महागात पडते: भर वळणावर क्लच सुटतो, इंजिन नुसतंच ओरडतं आणि ओढ नाहीशी होते. घेणाऱ्याने व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या आधी तपासाव्यात. नळी चिरलेली असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो.

*

१९९० च्या ९११ ला, म्हणजे ९६४ पिढीला, टिपट्रॉनिक मिळालं. गिअर चार, दांड्याला दोन गल्ल्या. एकीत गाडी आपलं आपण बघते. दुसरीत दांडा पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. शून्यापासून शंभरला मॅन्युअल ५.७ सेकंद घ्यायची, टिपट्रॉनिक ६.६. नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाला हा फरक मोठा होता. आज एखादी बॅटरीवरची फॅमिली कार या दोघींनाही सिग्नलवरून मागे टाकते, तेव्हा त्या ०.९ सेकंदावरून भांडण्यात काही राम नाही. वेगाचा मुद्दा निकालात निघाला. उरले दोनच प्रश्न: चालवताना आपल्या वाट्याला किती काम येतं, आणि काहीतरी झिजतंय हे आपल्याला कधी कळतं.

*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९७२ ते १९८६ च्या ९११ मध्ये सापडतं. त्यांच्यातला गिअरबॉक्स ९१५ नंबरचा. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर घाईने टाकला की तो अडतो, जोर केला की करकरतो. जाणकार माणूस दांडा दोन बोटांत धरतो, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबतो, मग गिअर अलगद पडतो. तेल गरम झाल्यावरही करकर थांबली नाही तर सिंक्रोची रिंग गेली म्हणायची. १९८७ पासून जी-५० गिअरबॉक्स आला, क्लच हायड्रॉलिक झाला, सगळं सोपं झालं. तरी ९१५ वर जीव टाकणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. झीज त्यांच्या तळहाताला आधी कळते. ऑटोमॅटिकची झीज तेलात आणि व्हॉल्व्ह बॉडीत लपलेली असते; मालकाला ती बऱ्याचदा एस्टिमेट हातात पडल्यावरच कळते.

*

म्हणून मॅन्युअल म्हणजे बिनघोर, असंही नाही. सुरुवातीच्या ९६४ मॅन्युअलमध्ये फ्रॉइडेनबर्गचं ड्युअल-मास फ्लायव्हील होतं. त्यातला रबर सुटायचा, म्हणून पुढे ‘लुक’ कंपनीचं स्प्रिंगवालं बसवलं गेलं. या गाड्यांमध्ये क्लचप्लेट बदलायची तर सहसा इंजिन आणि गिअरबॉक्स खाली उतरवावे लागतात. विकणाऱ्याने ‘क्लच नवीन आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: आणि फ्लायव्हील?

*

काही गाड्या मुळातच दोन पेडलांच्या. पोर्श ९२८ घ्या: पुढे व्ही-८, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, मधे लांबलचक शाफ्ट. १९७८ ची युरोपियन ‘कार ऑफ द इयर’. बहुतेक ९२८ ऑटोमॅटिक गेल्या, गिअरबॉक्स मर्सिडीजचा, आणि तिच्या लांब पल्ल्याच्या स्वभावाला तो शोभतो. पण तिचं एक दुखणं ऑटोमॅटिकचंच आहे. शाफ्टचा पुढचा क्लॅम्प हळूहळू सरकतो, फ्लेक्सप्लेट वाकते, क्रँकशाफ्टवर सतत दाब येतो आणि शेवटी थ्रस्ट बेअरिंग जातं. म्हणजे इंजिनच गेलं. जाणता मेकॅनिक खालचं झाकण काढून क्लॅम्पचा बोल्ट सैल करतो. दाब साठलेला असेल तर प्लेट टक्कन सरळ होते. अर्ध्या तासाचं काम, पण ते केल्याशिवाय व्यवहार करू नये.

*

सगळ्यात जपून राहायचं ते मधल्या, क्लच कॉम्प्युटरने दाबणाऱ्या पिढीपासून. फेरारीने १९९७ मध्ये ३५५ एफ-१ ला स्टिअरिंगमागे पॅडल दिली. आतला गिअरबॉक्स नेहमीचा, क्लच नेहमीचा. तो दाबायचं काम तेवढं पंप आणि कॉम्प्युटरकडे. ही यंत्रणा मॅन्येती मारेल्ली कंपनीची. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत क्लचच्या पेडलविना गिअर आणला तोही मॅन्येती मारेल्लीचाच. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गिअर बदलताना सेलेरिओ जी डुलकी घेते, तिचं घराणं असं थेट फेरारीच्या मारानेल्लोचं आहे! बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ मधली एसएमजी त्याच जातीची. तिचा हायड्रॉलिक पंप जातो, आणि कंटाळलेले मालक सरळ पेडल बसवून गाडी मॅन्युअल करून घेतात. गिअरबॉक्स मुळात तोच असल्यामुळे ते जमतंही.

*

राहिला पहिला प्रश्न, कामाचा. २०१३ ची ९११ जीटी-३ फक्त पीडीके गिअरबॉक्समध्ये आली. दोन क्लच, पण क्लचचं पेडल एकही नाही, आणि माणसाच्या हातापेक्षा कितीतरी चपळ. २०१६ मध्ये पोर्शनेच नवी ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१. तिच्यावर उड्या पडल्या आणि २०१७ च्या जीटी-३ ला क्लचचं पेडल परत मिळालं. गिऱ्हाईक सेकंद विकत घेत नव्हतं, काम विकत घेत होतं.

*

जर्मनीत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळायचं. २०२१ पासून, मॅन्युअलवर ठरावीक तास शिकून घेतले तर परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. उद्याच्या गिऱ्हाइकाला क्लच येतो की नाही, यावर जुन्या मॅन्युअल गाड्यांचा भाव ठरणार आहे. आणि हो, डावा गुडघा दुखणाऱ्याला क्लचचं तत्त्वज्ञान ऐकवू नये.

*

मला विचाराल तर: १९८७ ते ८९ ची जी-५० वाली ९११, मॅन्युअल. ९२८, ऑटोमॅटिक, क्लॅम्प तपासून. पॅडलवाली मधली पिढी, मॅन्युअल करून घ्यायचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असतील तरच. आणि ९६४ मध्ये एकीकडे सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली टिपट्रॉनिक आणि दुसरीकडे ‘फ्लायव्हीलचं काही माहीत नाही’ म्हणणाऱ्याची मॅन्युअल असेल, तर डोळे मिटून टिपट्रॉनिक. ती स्वस्तही मिळते.