चमक नंतर बघू

जुनी फियाट विकायला काढलेला माणूस आधी बंपरवरून हात फिरवतो. मी डिकी उघडून आत डोकं घालतो. वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंत जुन्या गाड्यांची हौस अलीकडे वाढली आहे. पैसे मोजण्याआधी "जरा नजर टाका" म्हणून मला बोलावणं येतं. मी मूळचा डेंटिंगवाला. निकलशी माझं वैर नाही, पण बंपर, ग्रिल, व्हील कॅप, दारावरची पट्टी हे सगळं जुन्या बाजारात थोडं फिरलं की मिळतं. कारखान्यातून आलेला पत्रा तसा मिळत नाही.

ही गोष्ट पहिल्यापासूनच अशी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. तिथली डॉज किंग्जवे अंगानं प्लिमथच होती. ग्रिल वेगळी, नावाची अक्षरं वेगळी, की झाली डॉज. तेव्हा नुसते दागिने बदलून गाडीचं नाव बदलणं कारखान्यालाच मान्य होतं म्हणायचं!

याच प्रीमियरच्या फियाटच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. पन्नाशीच्या दशकातली 'डुक्कर फियाट' लांबूनही चुकत नाही. तोंडावरून कळते, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरं असलेली. पुढे १९६४ साली डिलाइट आली. १९७२ मध्ये फियाटचं नाव जाऊन तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि हाच सांगाडा तीसेक वर्षं चालला. त्यामुळे एका गाडीचं दार दुसरीला बसतं, साठच्या दशकातल्या डिकीचं झाकण ऐंशीतल्या गाडीवर खपून जातं. गॅरेजवाल्यानं त्यात फसवणूक केली असं नाही. त्या दिवशी हाताशी जे होतं ते त्यानं बसवलं, गाडी दुसऱ्या दिवशी कामाला हवी होती.

म्हणून मी नावाच्या अक्षरांपेक्षा त्यांच्या भोकांवर विश्वास ठेवतो. धातूचं नाव पत्र्याला भोकं पाडून मागून अडकवलेलं असतं. नाव बदललं की जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवतात, वरून रंग मारतात, बाहेरून काही कळत नाही. पण डिकीचं झाकण उचलून आतल्या बाजूनं तिरपा उजेड टाकला की बुजवलेलं भोक फोडासारखं वर येतं. बोट फिरवा, हाताला लागतं. बाहेरून मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सरकवत न्यावं. लांबी जाड असेल तिथं त्याची पकड सुटते. छताच्या कडेची पन्हळ बघावी. कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ठरावीक अंतरावर, शिस्तीत असतात. गॅसनं सांधलेली पट्टी वेडीवाकडी जाते, कितीही घासा.

टॅक्सीतून निवृत्त होऊन 'घरची गाडी' झालेल्या पद्मिनी तर खूपच. विकणारा सांगतो, "एका हातची आहे, आजोबांची." मी डाव्या मडगार्डपाशी वाकतो. जुनं यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असायचं. त्याच्या बैठकीची भोकं आणि केबलची वाट लपवणं सोपं नसतं. मग पन्हळीत कॅरिअरच्या पकडींनी पाडलेल्या खोबणी. शेवटी छताच्या आतलं अस्तर कोपऱ्यात जरासं सैल करतो. खाली पिवळा दिसला की आजोबा टॅक्सी चालवत होते एवढंच समजायचं. त्यात कमीपणा काहीच नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. उद्या त्या पिवळ्या रंगालाच भाव येईल, बघा.

२०२१ मध्ये केंद्राचे विंटेज गाड्यांचे नियम आले, तेव्हापासून 'ओरिजिनल' हा शब्द फार स्वस्त झाला. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. पहिल्या पद्मिनी आता कुठे या वयाला पोचल्या आहेत. हौशी मंडळी काय करतात, तर सगळं जुनं क्रोम उतरवून आरशासारखं नवीन लावतात. मला हे पटत नाही. ठाण्याच्या खाडीची खारी हवा आणि डोंबिवली एमआयडीसीचे वायू (हिरवा पाऊस पाहिलेलं गाव आहे हे, २०१४ सालचा) यांत पन्नास वर्षं काढलेल्या बंपरवर बारीक टिंबं पडणारच. ती असली की मला उलट बरं वाटतं. सिलची पट्टी आणि दारांचे तळ कुजले असतील तर मात्र तिथं दयामाया नको. कापा, नवा पत्रा घाला, आणि घातला आहे हे कागदावर लिहून ठेवा.

एका गाडीकडे मात्र अजून कुणी वळत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान सगळ्यांना सभांमुळे माहीत आहे. प्रीमियरच्या या भागातल्या कारखान्यात नव्वदीत प्यूजो ३०९ बनत होती. काही वर्षांतच ते काम थांबलं. कुर्ल्याच्या पद्मिनीचं बीडिंग मी दोन फोन करून मिळवतो. घराशेजारी बनलेल्या या गाडीचा मागचा दिवा फुटला, तर दुसऱ्या मेलेल्या ३०९ ची वाट बघावी लागते. कुणाच्या गॅरेजच्या माळ्यावर असा दिवा पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, मला कळवा.