त्रिशंकूचा मुलूख

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून आगबोटी सुटत त्या काळी देशांतराला निघालेल्या माणसाला आपण दूर चाललो आहोत ही जाणीव क्रमाक्रमाने होत असे. किनारा पुसट होई, एडन येई, सुएझ येई, हवा पालटे, ताटातले अन्न पालटे, आणि मुक्काम येईपर्यंत अंतराचे सगळे देणे मनाने हप्त्याहप्त्याने फेडलेले असे. 1948 सालच्या 8 जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला गेले तेही वाटेत कैरो आणि जिनिव्हा घेत गेले. आमच्या वाट्याला आलेला प्रवास निराळ्या जातीचा होता. मुंबईहून सिंगापूर आणि तेथून न्यूझीलंडातले ऑकलंड असे बारा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर एक रात्र आणि एक दिवस यांच्यात कसेबसे बसवलेले, आणि तेही कमरेला पट्टा आवळून, एकाच खुर्चीत बसून पार करायचे.

यजमानांची हयात भूमिअभिलेख खात्यात गेली. मोजणी हा त्यांच्या नोकरीचा भाग होता असे म्हणणे अपुरे ठरेल. तो त्यांचा स्वभाव होऊन बसला आहे. आपल्याकडची जुनी मोजणी ज्या साखळीने झाली ती 33 फुटांची आणि सोळा आण्यांची, तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले. आमच्या घरात त्यामुळे रामायण आणि सातबारा ही दोन दप्तरे गुण्यागोविंदाने नांदली आहेत. सेवानिवृत्तीनंतर मुलांनी आम्हांला कोठे तरी लांब धाडण्याची तजवीज केली, तेव्हा ‘लांब म्हणजे किती’ हा यांचा पहिला प्रश्न होता, आणि न्यूझीलंडच्या पलीकडे माणसांची फारशी वस्ती नाही असे कळल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

सहारच्या विमानतळाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मोरपिसाऱ्याच्या घाटाचे ते पांढरे खांब पाहण्यासारखे आहेत खरे. पण रात्री अकराच्या सुमारास, पारपत्रावर शिक्का मिळण्याच्या रांगेत तिष्ठत असता, सौंदर्यदृष्टी फार काळ जागी राहत नाही. विमानात शिरल्यावर खिडकीची जागा कोणाला हा प्रश्न निघालाच नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीत बसवलेल्या पडद्यावर नकाशा उमटतो हे कळताच यजमानांनी चष्मा पुसला आणि निद्रेला रजा दिली.

मला डुलकी लागली होती. कोपराला स्पर्श झाला.

“अगं, उठ. लॅम्बटनची रेषा ओलांडतो आहोत.”

खिडकीबाहेर काळोख होता आणि कोठल्याशा गावाचे मूठभर दिवे. परंतु यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायाभूत रेषा साखळीने मोजली आणि तिच्या आधाराने, त्रिकोणावर त्रिकोण रचीत, कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत साधारण अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाला धरून एक अजस्र कंस आखला गेला. त्या कामाला चाळीस वर्षांच्या आसपास काळ लागला, माणसे तापाने मेली, वाघांनी नेली, आणि खुद्द लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला देह ठेवून गेला. त्याची कबर तेथेच आहे. वर्ध्याला बदली असताना यांनी मला ती मुद्दाम नेऊन दाखवली होती. नवविवाहितांनी पाहावयाच्या स्थळांत तिची गणना कोणी करीत नाही, एवढेच मी त्या वेळी म्हटले होते. ज्या रेषेवर एका पिढीने आयुष्य वेचले ती आम्ही तिरकस छेदली आणि ओलांडली, त्याला एक पळभरही लागले नसेल. आकाशवाटेने जाणाऱ्याला भूगोल फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेल्याची कदर करायला यांच्यासारखा एखादा जुना मोजणीदारच शेजारी असावा लागतो.

सिंगापूरला पहाट झाली. तेथला विमानतळ म्हणजे स्वच्छतेचे आणि गालिच्यांचे साम्राज्य आहे. ऑर्किडची फुले पाहिली, चहा प्यालो, पुढच्या दाराशी जाऊन बसलो. त्या शहराबद्दल अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरांच्या आतच आहे, म्हणजे दुसरे विमान आकाशात स्थिरावते न स्थिरावते तोच आपण पृथ्वीच्या दक्षिणार्धात दाखल होतो. जहाजांवर या प्रसंगी नव्या खलाशाला समुद्रदेवतेसमोर उभे करून भिजवण्याचा विधी असे. आमच्या विमानात त्या क्षणी संत्र्याचा रस वाटला जात होता. यजमानांनी पडद्यावरचा अक्षांश शून्याला आल्याचे पाहून पेला किंचित उंचावला. शेजारच्या रांगेतल्या मुलीने त्यांना काही हवे आहे असे समजून हवाई सेविकेला हाक मारली.

या टप्प्याचे अंतर सुमारे 8,400 किलोमीटर. यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि 33 फुटांच्या साखळीने ते सव्वाआठ लाख साखळ्यांच्या वर भरते असा निर्वाळा दिला. दुपारपर्यंत खाली ऑस्ट्रेलिया सुरू झाला होता, आणि तो संपेना. तांबडी, निर्मनुष्य, ओसाड जमीन. क्वचित एखादा सरळ रस्ता, क्वचित कोरड्या नदीचे पात्र, पण बांध नाही, विहीर नाही, गावठाण नाही. तासामागून तास हेच. ज्या माणसाने बोटभर बांधासाठी भाऊबंदांचे खून पडलेले पाहिले आणि त्यांच्या पंचनाम्यांना नकाशे जोडले, तो माणूस खिडकीला कपाळ टेकून त्या बेवारस दिसणाऱ्या विस्ताराकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. ‘बेवारस दिसणाऱ्या’ असे मी जाणून लिहिते. त्या भूमीवर तिथल्या मूळ लोकांची हजारो वर्षांची वहिवाट आहे आणि ती कोणाच्या दप्तरात चढलेली नव्हती म्हणूनच ती नाकारणे परक्यांना सोपे गेले, हे मी बोलून दाखवल्यावर यजमान म्हणाले, “नोंद नसली म्हणजे हक्क नसतो, असे कोठल्याही कायद्यात नाही.” त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकून मला बरे वाटले.

विमानातल्या अन्नाला चव नसते ही तक्रार सार्वत्रिक आहे, आणि तिचा सगळा दोष आचाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बाहेर आपण गौरीशंकराहूनही उंच असतो, आणि आत हवेचा दाब राखलेला असला तरी तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकाच असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसून आपण जेवत असतो. शिवाय ती हवा इतकी शुष्क की नाक आणि जीभ दोन्ही अर्धी बधिर होतात, आणि गोडखारटाची जाण मंदावते. मी कारळ्याची चटणी काढली. पुडी दोघांत संपली, आणि पुढे घडणाऱ्या गोष्टींच्या दृष्टीने ते इष्टच झाले.

पूर्वेकडे उडणाऱ्याचा दिवस अकाली मावळतो, कारण तो सूर्याला पाठ दाखवून पळत असतो. ऑस्ट्रेलियाचा किनारा मागे पडला, टास्मन समुद्र लागला, आत दिवे मंद झाले. यजमान थकून अखेर झोपी गेले होते. त्यांच्या अंगावरून वाकून मी खिडकीतून पाहिले, तो दक्षिण क्षितिजालगत चार तारे, आणि त्यांच्या उजवीकडे मित्र आणि मित्रक. हा त्रिशंकू. वैशाखातल्या संध्याकाळी आपल्याकडे तो दक्षिणेला जेमतेम क्षितिजावर डोके काढतो तेव्हा सरळ उभा दिसतो. विश्वामित्राने आपल्या तपाच्या बळावर वर पाठवलेला आणि इंद्राने लोटून दिलेला हा राजा खाली डोके करून लटकत राहिला, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. आणि दरवेळी मनात शंका असे, की हा तर उभा आहे, मग कथाकाराने त्याला उलटा का टांगला? त्या मार्गशीर्षातल्या रात्री, पस्तिसाव्या दक्षिण अक्षांशाच्या आसपास, तो खरोखरच अधोशीर्ष होता. ध्रुवाभोवती न मावळता फिरताना तो खालच्या बाजूला आला म्हणजे उलटा होतो, इतके साधे त्याचे ज्योतिष आहे, आणि वाल्मीकीला दक्षिणेचे हे आकाश ठाऊक असणे संभवत नाही हेही मी जाणते. तरी मी यांना उठवले.

“अहो, त्रिशंकू.”

त्यांनी डोळे चोळले, पाहिले, आणि त्या चार ताऱ्यांच्या लांब दांडीवरून दक्षिण ध्रुवबिंदू कसा काढायचा ते मला समजावून सांगू लागले. मी ऐकून घेतले. लॅम्बटनची परतफेड झाली होती.

उतरण्यापूर्वी प्रवाशांचे प्रतिज्ञापत्र भरावे लागते. न्यूझीलंड हे समुद्राने वेढलेले, शेतीवर आणि पशुधनावर जगणारे राज्य असल्यामुळे परका किडा, परकी बुरशी आणि परकी माती यांचे तेथे भय मोठे. जाहीर न केलेल्या एका फळालाही 400 डॉलर दंड पडतो. हे कलमवार वाचून यजमानांच्या चेहऱ्यावर परिचित तेज आले. विमानात मिळालेले सफरचंद त्यांनी तत्काळ जाहीर केले. ‘वनस्पती, फुले, बिया’ या सदरापाशी आल्यावर त्यांनी माझ्या केसांकडे पाहिले. निघताना सुनेने माळलेला मोगऱ्याचा गजरा तोवर सुकून तपकिरी झाला होता.

“हे फूलच,” ते म्हणाले, आणि होकारार्थी खूण केली.

त्यामुळे ऑकलंडला आम्ही इतर उतारूंच्या वेगळ्या रांगेत गेलो. अंमलदार तरुण आणि अत्यंत विनयशील होता. त्याने सफरचंद टोपलीत टाकले, गजरा चिमटीत धरून एका पिशवीत घातला, आणि गेल्या महिनाभरात आपण शेतावर गेला होतात काय असे विचारले. यजमानांनी होय म्हटले. पुढे त्यांनी जिल्हा, तालुका, मौजे आणि गट क्रमांक सांगितला, जमीन जिरायत असल्याचे सांगितले, आणि त्याच बुटांनी बांधावरून फिरलो होतो अशी विनासायास कबुली दिली. अंमलदाराने पेटी उघडून बूट काढले. तळव्यांच्या खाचांत कोरेगाव तालुक्याची काळी माती होती. ती त्याने बूट आत नेऊन घासून, धुऊन, औषध फवारून साफ केली आणि बूट परत आणून दिले. लग्नानंतर मी ते इतके स्वच्छ कधी पाहिले नव्हते.

यजमानांनी ते उलटेपालटे करून निरखले.

“दप्तर चोख आहे यांचे,” ते म्हणाले.