वयाचा रकाना

तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरापाशी संध्याकाळी उभे राहिले की आयुष्याच्या साऱ्या अवस्था एकाच रस्त्यावर दिसतात. आजीचे बोट धरून नातवंडे येतात, निवृत्त मंडळी तळ्याच्या बाजूला गप्पा मारीत उभी असतात, आणि ‘मॅन्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकट्या पुरुषांसाठीच्या निवासांतून नोकरीच्या शोधातले तरुण कॉफीसाठी बाहेर पडतात. बदलीमुळे घरापासून दूर, एकट्याने राहणारा माझ्यासारखा छप्पन्न वर्षांचा गृहस्थ यांपैकी कोणत्याच गटात नीट बसत नाही.

काही काळापूर्वी मला एका पुनर्विलोकन समितीवर बसावे लागले. मूलभूत नियम ५६(जे) अन्वये, ठरावीक वयानंतर, म्हणजे प्रवर्गानुसार ५० किंवा ५५ वर्षांनंतर, शासन लोकहितार्थ तीन महिन्यांची सूचना देऊन कर्मचाऱ्यास मुदतपूर्व निवृत्त करू शकते. समोर आलेले एक प्रकरण पंचावन्न वर्षांच्या कर्मचाऱ्याचे होते. (तपशील हेतुपुरस्सर मोघम ठेवतो.) सचोटी निष्कलंक; परंतु अलीकडच्या वर्षांचे शेरे ‘मंद’, ‘पुढाकाराचा अभाव’ असे. टिप्पणी तयार होती, माझी सही तेवढी उरली होती. मी एक दिवस मागून घेतला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जीवनावस्थांचा सिद्धान्त प्रथम भेटतो तो मोदिग्लियानी यांच्या जीवनचक्र गृहीतकातून: तरुणपणी कर्ज, मध्यमवयात बचत, उतारवयात बचतीचा खर्च. आलेख सुबक आहे. मात्र त्यातला माणूस फक्त कमावतो आणि खर्च करतो, कोणाला काही शिकवत नाही. ती उणीव मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी भरून काढली. १९५० साली त्यांनी मनुष्यजीवनाच्या आठ अवस्था मांडल्या आणि प्रत्येकीच्या केंद्रस्थानी एक पेच ठेवला. सातव्या, म्हणजे मध्यमवयाच्या अवस्थेतला पेच असा: पुढच्या पिढीसाठी काही घडवायचे, की स्वतःतच साचून राहायचे?

परंतु वयाची गणिते फसवी असतात. याच तिरुवल्लिकेणीत काही काळ राहिलेले रामानुजन १९२० साली बत्तिसाव्या वर्षी गेले. येथेच राहणारे कवी सुब्रह्मण्य भारती १९२१ साली अडतिसाव्या वर्षी. दोघेही सातव्या अवस्थेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले नाहीत, तरी पुढच्या पिढ्यांना देऊन गेले. उलट आपल्या महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. पुढे अनेक वर्षे केंद्र शासनाचे निवृत्तीचे वय नेमके तेवढेच होते. १९९८ मध्ये ते साठ झाले आणि आम्ही सारे एका आदेशाने दोन वर्षांनी तरुण झालो!

स्वतः एरिक्सन यांची कथा याहून बोलकी आहे. वार्धक्याची अवस्था त्यांनी लिहिली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुढे पतिपत्नी दोघेही नव्वदीत पोहोचले, आणि पतीच्या निधनानंतर जोन एरिक्सन यांनी १९९७ साली त्यात नववी अवस्था जोडली. पायरीवर पाय पडल्यावरच ती कळते, असा याचा अर्थ मी घेतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या कर्मचाऱ्याची जुनी पाने वाचली. संपूर्ण सेवा-अभिलेख पाहावा, असे शासनाच्या सूचनाही सांगतात. अनेक वर्षे नव्या भरतीची माणसे त्याच्याकडे शिकायला पाठवली गेली होती. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून गुणही नव्हते. दोन तरुण अधिकाऱ्यांना मी विचारले, “टिप्पणी लिहायला कोणाकडे शिकलात?” दोघांनी एकच नाव घेतले.

मी वेगळे मत नोंदवले. बराच वाद झाला. एका सहकाऱ्याने रास्त प्रश्न केला: “याच्या टेबलावर ज्याचा अर्ज अडकला, त्या नागरिकाचे काय?” त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नव्हते. अखेर कर्मचारी सेवेत राहिला; अर्जांचे टेबल बदलून त्याच्याकडे प्रशिक्षणाचे काम दिले गेले. त्याचा वेग वाढला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

शासनाला जन्मतारखेवाचून चालत नाही. ते योग्यही आहे, अन्यथा मर्जीचे राज्य येईल. पण तारीख समितीला कधी पाहायचे एवढेच सांगते. काय पाहायचे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते.

माझी स्वतःची फाइलही अशाच एका समितीपुढून जाऊन आली आहे. त्यांनी कोणती पाने वाचली, मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यापासून रविवारी शेजारच्या मॅन्शनमधील दोन मुले अर्थशास्त्राच्या शंका घेऊन येतात. माझे तमिळ तोकडे, त्यांचे इंग्रजी बेताचे. तरी मागणी-पुरवठ्यापर्यंत आलो आहोत. या कामालाही कोणत्या अहवालात रकाना नाही. असो, पुढच्या रविवारी लवचिकता घ्यायची आहे.