गाडी गेली, किल्ली राहिली

आमच्या घरासमोर आमची गाडी कधीच उभी राहिली नाही. तुम्ही काशीला येऊन गेला असाल तर कारण सांगायला नको. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत समोरून सांड आला, तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढून त्याला वाट द्यायची असते. तिथे मोटार कुठून येणार? त्यामुळे आमची फियाट घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, मैदागिनच्या बाजूला, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1978 चं मॉडेल, पण घरात तिला सगळे फियाटच म्हणायचे.

आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती 1984 मध्ये बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून घेतली. नवी फियाट तेव्हा पैसे मोजूनही मिळत नसे. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून जुनीच घेतली. दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत त्यावर हसणं झालं म्हणे. ज्याच्या दारात हातगाडी शिरत नाही, तो मोटार घेतो! आजीनं तर विचारलं होतं, "तिला भेटायला रोज रिक्षा करायची का?"

आप्पा रोज चालतच जात. मंगळवारी मात्र मीही बरोबर असे. मंगळवार गाडी सुरू करण्याचा वार. बॅटरी उतरू नये म्हणून वीस मिनिटं इंजिन चालवायचं, थंडीत आधी चोक ओढायचा, मग गंगेच्या पुलापर्यंत एक फेरी मारायची. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि पुढची सीट सलग बाकासारखी. लहानपणी मी आप्पा आणि बाबांच्या मध्ये बसायचे. खिडकीची छोटी तिकोनी काच फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. त्या काचेपुढे एसी मला अजूनही फिका वाटतो. एकोणिसाव्या वर्षी मी गाडी शिकले तीही हीच. पुढे ड्रायव्हिंग टेस्टच्या गाडीत बसले तेव्हा माझा हात गिअरसाठी स्टिअरिंगकडे गेला, आणि तपासणारे साहेब मनापासून हसले.

आता त्या रात्रीचं सांगते. 15 नोव्हेंबर 2024, कार्तिक पौर्णिमा, म्हणजे काशीची देवदिवाळी. त्या रात्री आमच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ इथेच आहे. तो पेटला की समोरच्या नावांमधून एकच आवाज उठतो. आमच्याकडे मात्र त्या दिवशी आणखी एक नेम असतो. एकनाथ महाराजांनी एकनाथी भागवत याच काशीत, शके 1495 च्या कार्तिक पौर्णिमेला पूर्ण केलं, म्हणून आप्पा दिवसभर पोथी वाचतात आणि संध्याकाळी पायऱ्यांवर पणत्या लावतात. वर्षातली हीच एक संध्याकाळ ते शेडकडे फिरकत नाहीत. पुढचे तीन दिवस त्यांना सर्दीतापानं घरातून हलता आलं नाही.

19 तारखेला, मंगळवारी, आम्ही दोघं गेलो. कुलूप कापलेलं होतं. आत जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि त्याच्या बाजूला आप्पांचा पुसायचा पिवळा फडका घडी करून ठेवलेला. फडका गाडीवर न टाकता घडी करून कुणी ठेवला, हे मला आजही कळलेलं नाही.

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, देवदिवाळीच्या रात्री एक क्रेन आली होती. दोन माणसं होती, घाई नव्हती. त्याला वाटलं, आम्हीच मिस्त्रीकडे पाठवली. "पुरानी गाड़ी है, खराब होती रहती है," त्यात त्याची काय चूक?

आप्पा शेडच्या दारात थोडा वेळ उभे राहिले आणि मग काहीही न बोलता चालू लागले. मला वाटलं, घरी. ते गेले काळभैरवाला. काशीचे कोतवाल तेच ना! तिथे हात जोडून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, आता खालच्या कोतवालांकडे."

ठाण्यात तक्रार घेतली गेली, भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागलं. लिहून घेणाऱ्यानं गाडीचं साल ऐकून पेन थांबवलं आणि सल्ला दिला की अशा गाड्या कोणी चालवायला चोरत नाही, भंगारात तोडून किलोवर विकतात. फार आशा ठेवू नका. माणूस वाईट नव्हता. पण नऊशे किलोच्या आतबाहेरचं ते लोखंड मी लगेच मनात तराजूवर चढवलं, आणि आप्पांनीही चढवलं असणार. ते पुढचा अर्धा तास बोलले नाहीत.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर इथे थोडं थांबा, कारण आम्ही जे केलं नव्हतं ते तुम्हाला आज संध्याकाळीच करता येईल. आमचं आरसी बुक गाडीतच होतं, पुढच्या कप्प्यात. चॅसिस आणि इंजिन नंबरचा फोटो कुणाच्याच फोनमध्ये नव्हता, जरी फियाटसोबतचे माझे सेल्फी शंभर तरी निघाले असते. 2023 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं होतं म्हणून नंबर ऑनलाइन सापडले, नाहीतर तक्रारीत काय लिहिणार होतो? आणि विमा नसला तरी एफआयआर लगेच करा, आरटीओलाही लेखी कळवा. त्या गाडीनं उद्या कुणाला धडक दिली किंवा ती एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर कागदावर मालक तुम्हीच असता.

विम्याचा विषय आता टाळून चालणार नाही. या लेखात मला खरं म्हणजे तेच सांगायचं आहे.

2021 पासून गाडीचे कागद माझ्याकडे होते. घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मी एकटी, बीए इंग्लिशचा तेवढाच काय तो उपयोग. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. माझा पगार तेव्हा नुकता सुरू झाला होता आणि फी मी भरते, असं मीच मोठेपणानं म्हटलं होतं. मग विम्याची वेळ आली. चोरीचा विमा काढायचा तर गाडीची तपासणी, फोटो, किमतीवरून घासाघीस, वर जास्तीचा हप्ता. नुसता थर्ड पार्टी विमा मोबाइलवर पाच मिनिटांत होत होता. कायद्याला तेवढा पुरतो. मी तोच काढला. आप्पांनी विचारलं, "चोरीबिरीचं सगळं आलं ना त्यात?" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "हो आप्पा, सगळं झालंय."

पुढच्या वर्षीही तेच केलं.

चोरीनंतर आठवडाभर घरातले एकमेकांना धीर देत होते, "निदान विम्याचे पैसे तरी येतील." बाबा म्हणाले, आई म्हणाली, पुण्याहून आत्यानं फोनवर म्हटलं. प्रत्येक वेळी मी उठून पाणी प्यायला गेले. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गाडीच तर होती!" तुम्हालाही कुणी असं म्हटलं असेल. माणूस गेलं की तेरा दिवस लोक येऊन बसतात. वस्तू गेली की आपण रडायचीही लाज बाळगायची. पण मला फक्त गाडीचं रडू येत नव्हतं. मी खोटं बोलले होते, आणि चोरानं ते उघड्यावर आणायची वेळ आणली होती.

शेवटी एका संध्याकाळी आप्पांना घाटावर गाठलं. कार्तिक संपला होता. आकाशदीपांच्या टोपल्या उतरवल्या होत्या, नुसते बांबू आभाळात उभे होते. मी सांगितलं. थर्ड पार्टी म्हणजे काय तेही सांगितलं, जणू प्रश्न व्याख्येचाच होता.

ते रागावले. मला वाटलं होतं, नात म्हणून पाठीवरून हात फिरवतील. गोष्टींमधले आजोबा फिरवतात. आप्पा म्हणाले, "दोन हजार नव्हते तर मागायचे होतेस. सगळं झालंय का म्हणालीस?" आणि काठी टेकत एकटेच पायऱ्या चढून गेले. पंचगंगेच्या पायऱ्या किती उंच आहेत ते इथे आलेल्यांना माहीत आहे. मी मागे गेले, पण हात धरू दिला नाही.

तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांची जुनी वही दिसली. 1984 पासूनचा गाडीचा प्रत्येक खर्च तीत होता. प्लग, टायर, 1993 ची रंगरंगोटी, कार्ब्युरेटरची साफसफाई, आजीला प्रयागला नेलं तेव्हाचं पेट्रोल. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरातल्या दोन नोंदी होत्या, "विमा – झाला". त्यांच्यापुढे आप्पांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "फक्त थर्ड पार्टी". बाकी काही नाही. मी ती वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि आम्ही चहा प्यायलो.

त्यानंतर आम्ही शोधाला लागलो. त्यानं गाडी मिळेल असं नव्हे, पण हाताला काम मिळालं. मी फोटो निवडून ओळखीच्या खुणा लिहिल्या: मागच्या डाव्या दारावर खोक, डॅशबोर्डवर गणपतीच्या चिकट पट्टीचा चौकोनी डाग. बाबा भंगारवाल्यांकडे जाऊन आले. आप्पा वहीतले जुने मिस्त्री एकेक करून फोनवर गाठत होते. त्यातले निम्मे आता हयात नाहीत हे त्यांना त्या फोनांतूनच कळलं. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा ते टीव्हीसमोर म्हणाले होते, "आता आपलीच उरली." तसं नाही, हे आता शोधताना कळत होतं. कुणाच्या अंगणात, कुणाच्या लग्नाच्या हॉलबाहेर फुलं लावून, अशा बऱ्याच निघाल्या.

शेड सोडायची की नाही यावर अजून एकमत नाही. भाडं महिन्याला जातंच. आमच्या गच्चीवरून धरहरा दिसतो. त्याचे उंच मिनार मी कधी पाहिलेले नाहीत, ते माझ्या जन्माआधीच गेले, तरी नाववाले आजही धरहराच म्हणतात. गल्लीत आमच्या रिकाम्या शेडलाही सगळे "फियाट का गैराज" म्हणतात. सध्या तिथे चहावाल्याची हातगाडी रात्री उभी राहते. आप्पांनीच त्याला सांगितलं. भाडं घेत नाहीत, कुलूप मात्र रोज स्वतः तपासतात.

फेब्रुवारीत चुनारहून एका मिस्त्रीचा फोन आला. तुम्ही सांगता तशीच एक गाडी आलीय, तोच रंग. आम्ही दोघं भाड्याच्या गाडीनं गेलो. वाटेत आप्पांच्या मुठीत किल्ली होती, चाळीस वर्षांत घासून दाते गुळगुळीत झालेली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

गाडी अंगणात उभी होती. रंग तोच. मी मागच्या डाव्या दाराकडे धावले. खोक नव्हती. आप्पा जागचे हललेही नाहीत. गाडीच्या मालकानं नुकतीच चावी फिरवली होती आणि ते डोकं थोडं कलतं करून ऐकत होते.

"आपली नाही," ते म्हणाले. किल्ली खिशात गेली. मी त्यांचा हात धरला, या वेळी त्यांनी धरू दिला. मग ते त्या मालकाकडे वळले, "टाइमिंग बिगड़ा है आपका. बोनट खोलिए ज़रा." आणि स्वेटरच्या बाह्या वर करू लागले.