कोचीस काउंटीचे शेरीफ : जुन्या छायाचित्रांतून

शेरीफ म्हटले की आपल्या मराठी घरांत मुंबईचे शेरीफ आठवतात; ते मुख्यतः मानाचे पद. अमेरिकेतला शेरीफ निराळा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश, आणि तेथील लोकांनी मते देऊन निवडलेला हा फौजदार. तुरुंग त्याच्या ताब्यात. अ‍ॅरिझोनातील कोचीस काउंटीत तर आरंभी करवसुलीही त्याच्याकडेच होती, आणि वसुलीतले शेकडा दहा त्याला मिळत. वाचकांना सरदेशमुखीची आठवण व्हावी!

ही काउंटी १८८१ साली निर्माण झाली. टूसॉनच्या आग्नेयेस सुमारे ११० किलोमीटरवर टूमस्टोन हे तिचे पहिले मुख्य ठाणे. १८७७ साली शिफलिन नावाच्या इसमास येथे रुपे सापडले आणि ओसाड माळावर गाव उभे राहिले. लाल विटांची १८८२ सालची दुमजली कचेरी अजून शाबूत आहे. काउंटीचा कारभार पुढे बिस्बीस हलला आणि १९५९ पासून ही वास्तू संग्रहालय म्हणून जपलेली आहे. शेरीफची कचेरी येथेच होती. उन्हातून आत शिरल्यावर जाड भिंतींचा गारवा फार सुखद वाटतो.

या काउंटीचा आरंभीचा इतिहास आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो, तो बव्हंशी कॅमिलस फ्लाय या छायाचित्रकारामुळे. १८८१ च्या ऑक्टोबरात ओ. के. कॉरलची प्रसिद्ध चकमक झाली, ती त्याच्या चित्रशाळेशेजारच्या मोकळ्या जागेत. पहिले शेरीफ बीहन जवळच होते. त्यांना ती थांबविता आली नाही. चकमकीचे छायाचित्र नाही. आहे ते शवपेट्यांतील तिघा मृतांचे. १८८६ साली, अपाची सरदार जेरोनिमो अद्याप शस्त्र बाळगून असताना, फ्लाय त्याच्या तळावर जाऊन छायाचित्रे घेऊन आला. गंमत अशी की १८९५ साली हाच गृहस्थ शेरीफ झाला आणि दोन वर्षे त्याने ते काम पाहिले. त्याची पत्नी मॉली हीही छायाचित्रे घेत असे, आणि पतीच्या पश्चात जेरोनिमोच्या तळावरील छायाचित्रे तिनेच प्रसिद्ध केली.

शेरीफांची ऐटबाज चित्रे पुष्कळ आहेत. बंदूक घेतलेले ठेंगणे जॉन स्लॉटर त्यांत उठून दिसतात. परंतु खरा इतिहास ज्या चित्रांत शेरीफ दिसत नाही त्यांत आहे, असे मला वाटते. बिस्बीच्या दुकानावरील दरोड्यात चार जीव गेले. त्या प्रकरणी न्यायालयाने जॉन हीथला फाशी न देता जन्मठेप दिली. २२ फेब्रुवारी १८८४ रोजी जमाव कचेरीत शिरला, कैद्यास तुरुंगातून बाहेर काढले आणि तारेच्या खांबाला टांगले. छायाचित्रात खांब आहे, खाली माणसे आहेत. पंचांनी मृत्यूचे कारण फुप्फुसाचा विकार म्हणून नोंदविले, आणि गळा आवळला गेला तो कुणाच्या हातून, हे मोघमच ठेवले. कायद्याच्या भाषेचा असा उपयोग मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

याहून मोठी गोष्ट १२ जुलै १९१७ ची. महायुद्धामुळे तांब्याला प्रचंड मागणी, आणि बिस्बीच्या खाणकामगारांचा संप. या वेळी जमाव तुरुंगावर चालून आला नाही; शेरीफ हॅरी व्हीलर यांनीच सुमारे दोन हजार नागरिकांना मदतनीस नेमून हाती शस्त्रे घेऊ दिली. ओळखीसाठी दंडावर पांढरी पट्टी. पहाटे घराघरांतून माणसे बाहेर काढली. छायाचित्रांत बंदुकधाऱ्यांच्या दोन रांगांमधून ती चाललेली दिसतात. पुढच्या चित्रात वॉरनचे बेसबॉलचे मैदान, त्यानंतर गुरांचे डबे. सुमारे १,२०० माणसे तेवीस डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडली. त्यांत मेक्सिकन आणि पूर्व युरोपातून आलेले बरेच होते.

राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने हे कृत्य बेकायदा ठरविले. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र निर्णय दिला की हा विषय राज्याच्या अधिकारातला आहे, संघराज्याच्या नव्हे. कुणालाही शिक्षा झाली नाही. व्हीलर तोवर शेरीफपद सोडून गेले होते. वॉरनच्या त्या मैदानावर आजही बेसबॉल खेळतात.