अब्बांचा जादा पाटा

अब्बांची बोलेरो पिकअप अठरा वर्षांची. घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांमागून रिकामी चालवली की मागून नुसती उडते. अम्मीचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तपासणीला चंद्रपूरला न्यायचं होतं आणि घरात दुसरी गाडी नाही.

मी नवे शॉकअप टाकायला निघालो होतो. मिस्त्रीचाचा खाली वाकले. "सर, मर्ज इधर है." सिमेंटच्या गोण्या वाहायला अब्बांनी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला होता. रिकाम्या गाडीत कमान दबतच नाही, खड्ड्याचा धक्का सरळ वर येतो. त्यात पाट्यांमध्ये गंज आणि कोळशाची धूळ, ते एकमेकांवर सरकेनात. बुशही झिजलेले, म्हणून वळणावर गाडी शेपूट हलवायची.

पाटे उतरवून घासले, ग्रीस लावलं, बुश नवे टाकले. मागची हवा थोडी कमी केली. माल भरायचा असेल तर ती आधी वाढवायची, आणि आता पूर्वीइतका माल नाहीच. शॉकअप फक्त पुढचे बदलले.

जादा पाटे काढताना मात्र हात अडला. त्याच पाट्यांवर माझं बीएड झालं. भंगारवाल्याला दिले नाहीत, पडवीत आहेत.

पडोली आली तरी अम्मीनं दांडी धरली नव्हती. म्हणाली, "आज इतना धीमे क्यों चला रहा?"

काटा रोजच्यासारखा चाळिसावरच होता.